गाठोडे कोणी सोडावे?

माणूस एक गाव कायमचे सोडून दुसरीकडे निघाला, की त्याने गाशा गुंडाळला असे आपण म्हणतो. गाशा म्हणजे खोगिरावर घालायचे कापड. घोडे गेले, स्वाऱ्या थांबल्या, पण शब्दप्रयोग भाषेत टिकून राहिला. कोरियन भाषेत नेमक्या याच अर्थी 'बोत्तारी बांधणे' असे म्हणतात. बोत्तारी म्हणजे चौकोनी कापडात सामान ठेवून, कापडाची टोके वर घेऊन, गाठ मारून केलेले गाठोडे. बिऱ्हाड हलवणारा, नोकरी सोडून जाणारा, परागंदा होणारा, असे सगळेच कोरियन भाषेत बोत्तारी बांधतात.

त्या भाषेत गाठोड्याचा आणखीही एक उपयोग आहे. घरातली आजी नातवंडांना जमवून गोष्टी सांगू लागली, की तिने 'गोष्टींचे गाठोडे सोडले' असे म्हणतात. 'इयागी बोत्तारी', म्हणजे गोष्टींचे गाठोडे, हा कोरियन घरांतला नित्याचा शब्द आहे. घर सोडताना जे बांधावे लागते आणि मन मोकळे करताना जे सोडावे लागते, त्या दोहोंसाठी त्या भाषेने एकच वस्तू निवडली आहे.

प्रस्तुत लेखात ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, तो या शब्दातच दडलेला आहे. परदेशी जाऊन राहिलेल्या माणसाच्या मनातले गाठोडे सोडण्याचा अधिकार कोणाचा? त्याने ते सोडलेच पाहिजे, असे त्याला सांगता येईल काय? आणि त्याने ते सोडले, तर समोर बसून ऐकणाऱ्यावर कोणते ऋण चढते? हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेत वसलेल्या कोरियन समाजात तो सुईदोऱ्याच्या निमित्ताने प्रत्यक्ष उभा राहतो.

चिंध्यांचे वस्त्र

अमेरिकेतील मोठ्या शहरांमध्ये वस्तुसंग्रहालये, सार्वजनिक ग्रंथालये व चर्चची सभागृहे अशा ठिकाणी कोरियन लोककलांच्या कार्यशाळा भरतात. कोठे कागदाच्या वस्तू बनवतात, कोठे रेशमी दोरीच्या शोभिवंत गाठी बांधायला शिकवतात. पण सर्वांत अधिक आवड आहे ती बोजागीची. बोजागी म्हणजे वस्तू गुंडाळण्याचे चौकोनी कापड. त्याचेच गाठोडे झाले की ती बोत्तारी. काही कार्यशाळांचा हेतू केवळ शिवणकला शिकवण्याचा असतो. काहींचा हेतू त्याहून मोठा असतो. शिवता शिवता स्थलांतराच्या कथा सांगाव्यात आणि ऐकाव्यात, यासाठी त्या भरवलेल्या असतात. घरातील जुन्या कपड्याचा तुकडा बरोबर आणावा, तो दुसऱ्याच्या तुकड्याला जोडावा, आणि वाटल्यास त्या तुकड्याविषयी बोलावे, असा साधारण क्रम. येणारे सगळे कोरियनच असतात असे नाही. शेजारपाजारचे इतर वंशांचे लोकही सुई हाती घेऊन बसतात.

या कामासाठी बोजागीच का, हे समजण्यास तिचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे. जोसन राजवटीत (1392–1910) राजवाड्यात रेशमी बोजागी वापरीत. सामान्यांच्या घरी मात्र कापड कापून उरलेल्या तुकड्यांतून ती शिवली जाई. अशा तुकड्यांच्या बोजागीला 'जोगाकबो' म्हणतात. उन्हाळी जोगाकबो बहुधा 'मोशी'ची असे. मोशी म्हणजे रॅमी नावाच्या झुडपाच्या सालीतून काढलेल्या तंतूंचे, अंगाला गार वाटणारे कापड. ते तंतू दातांनी चिरून बारीक करावे लागतात, मग एकाला एक जोडून सूत होते, मग ते मागावर चढते. हानसान येथील मोशी विणण्याच्या कलेची युनेस्कोने 2011 साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. इतक्या कष्टाने झालेल्या कापडाची चिंधीदेखील टाकवत नसे, यात नवल नाही.

आपल्या गोधडीची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. पण दोहोंत फरक आहे. गोधडी ऊब मिळावी म्हणून थरावर थर घालून शिवतात. उन्हाळी जोगाकबो एकपदरी असते. दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींत दुमडून अशा शिवतात, की कापडाची कच्ची कड कोणत्याही बाजूने दिसू नये. त्यामुळे या वस्त्राला सुलटी व उलटी अशा दोन बाजू राहतच नाहीत. ते उजेडासमोर धरले, तर तुकडे उजळतात आणि शिवणीच्या रेषा गडद दिसतात; चर्चमधील रंगीत काचांच्या खिडकीची आठवण व्हावी. ज्या स्त्रियांनी हे केले, त्यांची नावे बहुधा कोणी नोंदवली नाहीत. हुह दोंग-ह्वा (1926–2018) या संग्राहकाने आयुष्यभर अशी वस्त्रे व भरतकामाचे नमुने जमवले आणि अखेर ते सोल शहराला दिले. आज ते 2021 साली उघडलेल्या सोलच्या हस्तकला संग्रहालयात आहेत. त्यांतील कितीतरी वस्त्रे अनामिक स्त्रियांची आहेत.

ली ओ-योंग (निधन 2022) या कोरियन विचारवंताने पेटी व बोजागी यांतील भेद मार्मिकपणे दाखवला आहे. पेटीला स्वतःचा आकार असतो. आत ठेवायच्या वस्तूने पेटीच्या सोयीने बसायचे. बोजागीला स्वतःचा आकार नसतो. ती आतल्या वस्तूचा आकार घेते, आणि काम संपले की घडी होऊन बाजूला राहते. हा भेद वस्तूंपुरता नाही. माणसाला सामावून घेण्याचेही हेच दोन प्रकार आहेत. त्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

गाठोड्यात काय आहे?

13 जानेवारी 1903 रोजी 'गेलिक' नावाचे जहाज होनोलुलू बंदरात लागले. त्यात शंभराच्या आसपास कोरियन स्त्री-पुरुष व मुले होती. हवाई बेटांवरील उसाच्या मळ्यांत मजुरी करण्यासाठी ती आली होती. 1905 पर्यंत सुमारे सात हजार कोरियन माणसे अशी आली. त्याच 1903 साली त्यांनी होनोलुलूत आपले उपासनामंडळ स्थापन केले. तेव्हापासून अमेरिकेतील कोरियन माणसाचे चर्च हे केवळ प्रार्थनेचे ठिकाण राहिले नाही. पत्र वाचून घ्यायला, काम शोधायला, आजाऱ्याची चौकशी करायला तो तेथेच जाऊ लागला. आजही या कार्यशाळांना चर्चचे सभागृह सहज मिळते, याचे मूळ तेथे आहे.

मळ्यांतले बहुतेक पुरुष अविवाहित होते. 1910 ते 1924 या काळात शेकडो तरुणी केवळ छायाचित्रांच्या देवाणघेवाणीवर विवाह ठरवून समुद्रापार आल्या. बंदरात उतरल्यावर समोर उभा असलेला नवरा छायाचित्रातल्यापेक्षा पुष्कळ वयस्कर असल्याचे कित्येकींना दिसले. परतीची वाट नव्हती. 1910 मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला होता. आणि 1924 च्या अमेरिकन कायद्याने आशियातून येणाऱ्यांचे दार जवळजवळ बंद केले.

पुढे 1950 ते 1953 चे युद्ध झाले. अमेरिकन सैनिकांशी विवाह केलेल्या स्त्रिया गेल्या. दत्तक दिलेली मुले गेली. युद्धानंतरच्या दशकांत सुमारे दोन लाख कोरियन मुले परदेशांत दत्तक दिली गेली, आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत गेली. 1965 च्या कायद्याने दार पुन्हा उघडले, तेव्हा परिचारिका, अभियंते, पदवीधर आले. त्यांतील अनेकांची पदवी नव्या देशात चालली नाही. त्यांनी किराणा मालाची व कपडे धुण्याची दुकाने टाकली आणि दिवसाचे बारा-बारा तास गल्ल्यामागे उभे राहून मुलांना शिकवले.

मग 29 एप्रिल 1992 चा दिवस आला. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय नागरिकाला मारहाण केल्याच्या आरोपातून पोलिसांची सुटका झाली आणि लॉस एंजलिस पेटले. कोरियन मालकीच्या दोन हजारांहून अधिक दुकानांची जाळपोळ व नासधूस झाली. कोरियन लोक त्या दिवसाला केवळ 'सा-ई-गु', म्हणजे 'चार-दोन-नऊ', असे तारखेच्या आकड्यांनी ओळखतात. दूरचित्रवाणीवर त्यांची दुकाने जळताना सर्वांनी पाहिली; त्यांचे म्हणणे मात्र फारसे कोणी ऐकले नाही. पुष्कळांना इंग्रजीत ते नीट सांगताही येत नव्हते. पुढे 1993 साली दाई सिल किम-गिब्सन यांनी 'सा-ई-गु' याच नावाच्या माहितीपटात दुकानदार कोरियन स्त्रियांना बोलते केले.

गाठोड्यात हे असे सारे आहे. ते सोडावे की न सोडावे?

गोष्टींची पिशवी

सोडावे, असे म्हणणारे एक कोरियन लोककथा पुढे करतात. तिचे अनेक पाठ आहेत. एक असा आहे.

एका सधन घरातील मुलाला गोष्टींचे फार वेड. जो भेटेल त्याला तो गोष्ट सांगायला लावी. ऐकलेली प्रत्येक गोष्ट तो एका पिशवीत घाली आणि पिशवीचे तोंड घट्ट आवळून बांधी. एकही गोष्ट त्याने कधी कोणाला सांगितली नाही. पिशवी फुगत गेली. मुलगा मोठा झाला, त्याचे लग्न ठरले. लग्नाच्या आदल्या रात्री घरातल्या म्हाताऱ्या नोकराला रिकाम्या खोलीतून कुजबुज ऐकू आली. त्याने कान लावला. पिशवीतल्या गोष्टी आपसांत बोलत होत्या. कोंडून पडल्यामुळे त्या गुदमरल्या होत्या, सडल्या होत्या, आणि आता सूड घेणार होत्या. एक म्हणाली, मी वाटेवरची विषारी फळे होईन. दुसरी म्हणाली, मी विषारी झऱ्याचे पाणी होईन. तिसरी म्हणाली, तो घोड्यावरून उतरेल तेथे कोंड्याच्या पोत्यात मी तापलेले लोखंड होऊन बसेन. चौथी म्हणाली, तेवढ्यातून वाचला, तर शय्येखाली साप होऊन मी त्याला डसेन. दुसऱ्या दिवशी नोकराने हट्टाने घोड्याचा लगाम धरला. मालकाला त्याने फळे खाऊ दिली नाहीत, पाणी पिऊ दिले नाही, पोत्यावर पाय ठेवू दिला नाही. रात्री तर नववधूच्या खोलीत तलवार घेऊन शिरला आणि त्याने साप मारले. तेव्हा कोठे खरा प्रकार उघडकीस आला.

ही कथा सांगून असे बजावले जाते, की मनात कोंडलेल्या गोष्टीचे विष होते. म्हणून स्थलांतरितांनो, बोला. यात तथ्य नाही असे नाही. 'हान' नावाची एक कल्पना कोरियन लोकांत प्रसिद्ध आहे. अन्याय झाला, दाद मिळाली नाही, वर्षे गेली आणि दुःख आत साचून घट्ट झाले, म्हणजे ते हान होते. हान मोकळे करण्याला 'हानफुरी' म्हणतात. त्यातले मूळ क्रियापद 'फुल्दा'. गाठ सोडणे, गाठोडे उघडणे, राग शमवणे, गणित सोडवणे, या सर्वांसाठी हे एकच क्रियापद चालते. सो नाम-दोंग (1918–1984) या प्रॉटेस्टंट ईशज्ञानवेत्त्याने तर हानने घुसमटलेल्या माणसाचा आवाज ऐकणे व तो मोकळा होण्यास साह्य करणे हे पुरोहिताचे कार्य मानले. अशा पुरोहितास त्याने 'हानचे पुरोहित' असे नाव दिले.

तथापि कथा पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचावी. त्या मुलाने पिशवीत काय कोंडले होते? स्वतःचे दुःख नव्हे. त्याने इतरांकडून ऐकलेल्या गोष्टी कोंडल्या होत्या. तो सांगणारा नव्हताच. तो ऐकणारा होता. त्याचा अपराध मौनाचा नाही, संग्रहाचा आहे. लोकांनी त्याला दिले आणि त्याने घेतले. घेतलेले त्याने आपल्या मालकीचे समजून बंद केले. म्हणजे या कथेचा रोख दुःख गिळून गप्प बसलेल्या आजीवर नाही. दुसऱ्यांच्या कथा हौसेने गोळा करणाऱ्यावर तो आहे. त्यात संशोधक, वार्ताहर आणि संग्रहालयवाले येतात. कार्यक्रमाला येऊन डोळे पुसून घरी जाणारा श्रोताही येतो.

न सांगण्याचा अधिकार

हे ध्यानी घेतले, म्हणजे दुसरी बाजू समजू लागते. स्थलांतरित माणसाला त्याची कथा कोणी विचारलीच नाही, असे नसते. उलट ती त्याला दारोदारी सांगावी लागते. वकिलातीत, बंदरावर, कचेरीत, नोकरीच्या मुलाखतीत. कोठून आलात? का आलात? आईवडील कोठे आहेत? परत जाणार काय? विचारणाऱ्याच्या हाती शिक्का असतो. उत्तर छापील अर्जातल्या चौकटीत बसले पाहिजे. ही पेटीची रीत आहे. चौकटीबाहेर जे उरते, ते नसल्यासारखेच. असे अनेक अर्ज भरलेल्या माणसाला एखाद्या प्रेमळ समारंभातही कोणी 'तुमची कथा सांगा' म्हटले, तर त्याच्या कानाला ती पुन्हा एक जकात वाटू शकते. आमच्यात बसायचे असेल, तर आधी तुमचे दुःख दाखवा, असा तिचा अर्थ होतो.

काहींच्या बाबतीत तर हा प्रश्न सरळ जखमेवर बोट ठेवतो. दत्तक गेलेल्या मुलांचेच उदाहरण घ्यावे. मार्च 2025 मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्य व समेट आयोगाने असा निष्कर्ष जाहीर केला, की परदेशी दत्तक देण्याच्या व्यवहारात मानवी हक्कांचा भंग झाला आणि त्याची जबाबदारी शासनावर आहे. आईवडील हयात असता मुलांची नोंद अनाथ म्हणून झाली होती. काहींची ओळखच बदलली गेली होती. जो आज पन्नाशीत आहे आणि ज्याच्या जन्माची कागदोपत्री कथाच खोटी निघाली, त्याला 'तुझी कथा सांग' असे कसे म्हणावे? त्याचे गाठोडे त्याच्याच हाती आले नाही. असा माणूस कार्यशाळेत येतो तो सांगण्यासाठी नव्हे, तर मायदेशाचे कापड एकदा हाताला लागावे म्हणून. तेवढ्यासाठी येण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

घराघरातल्या मौनाचाही विचार केला पाहिजे. दुसऱ्या पिढीतील मुले तक्रार करतात, की आईवडील काही सांगतच नाहीत. युद्धाविषयी नाही, सोडलेल्या गावाविषयी नाही, जळालेल्या दुकानाविषयीही नाही. मुलांची तळमळ खरी आहे. पण झाकणे म्हणजे नेहमीच लपवणे नव्हे. वाढलेल्या अन्नाच्या मेजावर घालण्याची एक खास बोजागी असते. ती अन्न लपवत नाही, राखते. पुष्कळ आईवडिलांनी आपल्या दुःखावर असेच कापड घातले आहे. मुलांच्या ताटात ते पडू नये, इतकाच त्यांचा हेतू होता. त्या कापडाला हात घालण्यापूर्वी त्यामागचे प्रेम ओळखले पाहिजे.

किमसूजा या 1957 साली जन्मलेल्या कोरियन कलावतीने 1997 साली एका ट्रकवर रंगीबेरंगी बोत्तारींचा ढीग रचला आणि त्यावर बसून आपण पूर्वी राहिलेल्या गावांमधून 11 दिवसांत 2727 किलोमीटर प्रवास केला. त्या प्रवासाच्या चित्रफितीत ती आपल्याला पाठमोरी दिसते. गाठोडी बांधलेलीच राहतात. पाहणाऱ्याला समजते, की येथे एक सबंध आयुष्य बांधलेले आहे. आणि हेही समजते, की ते उघडून पाहण्याचा आपल्याला अधिकार नाही. आदराला एवढे पुरते.

सुईचे काम

एका बाजूला कोंडलेली गोष्ट सडते, हे खरे. दुसऱ्या बाजूला गाठोड्यावर परक्याचा हात पडू नये, हेही खरे. या दोन सत्यांमध्ये मार्ग कसा काढावा? मला वाटते, सुईदोऱ्याने तो शब्दांपेक्षा चांगला काढला आहे.

समोरासमोर खुर्च्या मांडून एकाने सांगावे व इतरांनी ऐकावे, असे ठरवले, की एकजण उघडा पडतो आणि बाकीचे प्रेक्षक होतात. शिवताना तसे होत नाही. सर्वांची दृष्टी आपापल्या टाक्यावर असते. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत कोणी रोखून पाहत नाही. मध्येच तो थांबला, तर ते थांबणे अवघड वाटत नाही. दोरा ओवायचा असतो, गाठ द्यायची असते. मौनालाही तेथे काहीतरी काम असते. ज्याला बोलायचेच नाही, तोही रिकामा बसत नाही. त्याचा तुकडा इतरांच्या तुकड्यांत शिवला जातो आणि तो कोणाचा, कोठला, हे न सांगताही वस्त्रात त्याची जागा राहते.

कोणता तुकडा आणायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. ही गोष्ट लहान दिसते, पण तीत मोठे स्वातंत्र्य आहे. आईच्या लग्नातल्या रेशमी वस्त्राचा तुकडा आणणारी वेगळी आणि दुकानात वर्षानुवर्षे वापरलेल्या कामाच्या अंगरख्याचा तुकडा आणणारी वेगळी. अर्जातली चौकट आपल्याला विचारते. तुकडा आपण होऊन उत्तर देतो, आणि हवे तेवढेच देतो.

शिवणीचाही विचार करावा. दोन तुकडे जोडताना त्यांना एकरंगी करत नाहीत. प्रत्येकाचा रंग, वीण, जीर्णपणा तसाच राहतो. फक्त जेथून धागे निसटतात, ती कच्ची कड एकमेकींत दुमडून घेतात. प्रत्येकाची थोडी कड यात खर्ची पडते. एका तुकड्याची कड दुमडून शिवण होत नाही, दोन्ही तुकड्यांनी थोडे थोडे द्यावे लागते. किमसूजाने सांगितले आहे, की 1983 साली आईबरोबर पांघरूण शिवत असताना सुई कापडातून आरपार जाताच तिला एक विलक्षण अनुभव आला आणि तेथून तिच्या कलेची दिशा ठरली. सुई कापडाला टोचते, आणि त्याच टोचण्यातून सांधतेही. दुःखाविषयी बोलण्याचे काम असेच आहे. ते न टोचता होत नाही. म्हणून सुई स्वतःच्या हाती असावी.

गेब्रिएल मार्सेल (1889–1973) या फ्रेंच तत्त्वज्ञाने दुसऱ्यासाठी 'उपलब्ध' असण्याला नैतिक जीवनात मोठे स्थान दिले. शेजारी बसलेला माणूस देहाने जवळ असूनही अनुपलब्ध असू शकतो, हे त्याने दाखवले. उपलब्ध असणे म्हणजे प्रश्नांची सरबत्ती करणे नव्हे. समोरच्याने घेतला तर आपला वेळ, आपले लक्ष, आपली जागा त्याची आहे, अशा तयारीने थांबणे म्हणजे उपलब्ध असणे. ही बोजागीची रीत आहे. स्वतःचा आकार पुढे न करता समोरच्याचा आकार घ्यायला ती तयार असते.

ऐकणाऱ्याचे ऋण

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. दोन तासांच्या कार्यशाळेत चार टाके घालून कोणाचे दुःख हलके होते? हे लोककलेचे प्रदर्शन नव्हे काय? रंगीत कापड, चहाफराळ, छायाचित्रे, आणि एका समाजाची शोकांतिका भिंतीवर टांगलेली! हा धोका खरा आहे. त्याचे एक मोठे उदाहरण कोरियन लोककलेच्या इतिहासातच आहे. यानागी सोएत्सू (1889–1961) हा जपानी विचारवंत कोरियन लोककलांवर जिवापाड प्रेम करी. जपानी राजवट असताना त्याने सोलमधील ग्वांगह्वामून हे राजवाड्याचे महाद्वार पाडण्याच्या बेताला जाहीर विरोध केला आणि 1924 साली तेथे कोरियन लोककलेचे संग्रहालय उभारले. त्याच्या सद्भावाविषयी शंका नाही. पण कोरियन कलेचे सौंदर्य हे दुःखाचे सौंदर्य आहे, असे त्याने ठरवून टाकले. पुढे कोरियन विद्वानांनी यास हरकत घेतली. जिंकणाऱ्या देशातला माणूस जिंकलेल्यांच्या भांड्यांत व रेषांत केवळ अश्रू पाहतो; त्यांचा विनोद, त्यांचे बळ, त्यांचा भडक रंगांचा हौशीपणा त्याला दिसत नाही. प्रेमाने ऐकणाराही दुसऱ्याच्या कथेचा अर्थ स्वतःच ठरवून टाकू शकतो. गोष्टींची पिशवी अशीही बांधली जाते.

सांगणाऱ्यावरही एक बंधन आहे. आपली कथा सांगणे म्हणजे सत्यातून सूट मिळणे नव्हे. मार्च 1991 मध्ये लॉस एंजलिसच्या एका कोरियन दुकानात लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीचा दुकानदार स्त्रीच्या गोळीने मृत्यू झाला आणि त्या स्त्रीला तुरुंगवास झाला नाही. 'सा-ई-गु'ची कथा सांगताना ही कथा गाठोड्याबाहेर ठेवता येत नाही. जळालेल्या दुकानाचा तुकडा जेथे शिवायचा, तेथे त्या मुलीच्या घरच्यांनाही बसायला जागा असली पाहिजे. शेजारपाजारच्या लोकांनी या कार्यशाळांत येणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. ज्या वस्त्राला उलटी बाजू नाही, त्याच्याकडून आपण निदान एवढे शिकावे.

तेव्हा अशा उपक्रमाची कसोटी काय मानावी? लोक किती रडले, ही ती कसोटी नव्हे. कसोटी अशी, की संध्याकाळ संपल्यावर कथा कोणाची राहिली? सांगणाऱ्याला विचारल्यावाचून ती छापली गेली, टांगली गेली, दुसऱ्या सभेत उदाहरण म्हणून वापरली गेली, तर हेतू कितीही चांगला असो, पिशवी बांधली गेली असे समजावे. आणि दुसरी कसोटी अशी, की ऐकणाऱ्याने काय दिले? ज्याने स्वतःचा तुकडा आणला नाही, सुई हाती घेतली नाही, त्याच्या पदरात दुसऱ्याची कथा फुकट पडली. फुकट पडलेले माणूस साठवतो. ज्याने आपलीही कड थोडी दुमडली, त्याला ते साठवता येत नाही, कारण तो त्यात शिवला गेलेला असतो. त्याला दुसऱ्या दिवशी त्या शेजाऱ्याच्या दुकानावरून जाताना मान वळवता येणार नाही. त्याच्या मुलाला शाळेत कोणी हिणवले, तर याला गप्प राहता येणार नाही.

वाचकहो, आपण सांगणाऱ्याच्या कर्तव्याविषयी पुष्कळ बोलतो. त्याने मन मोकळे करावे, त्याने विश्वास ठेवावा, त्याने पुढच्या पिढीला सांगावे. पण गाठ ज्याची त्यानेच सोडायची असते. ती कधी सोडायची, हेही त्याने ठरवायचे असते, आणि न सोडता तो या जगातून गेला, तरी तो कोणाचा ऋणी नव्हता. ऋण आहे ते ऐकणाऱ्यावर. कोरियन विवाहात वधूच्या घरी जे जन्मवेळेचे पत्र पाठवतात, ते बोजागीत गुंडाळतात, पण तिला गाठ मारत नाहीत. कागदाच्या पट्टीने ती नुसती धरून ठेवतात. पुढचे आयुष्य अडथळ्यावाचून उलगडत जावे, अशी त्यामागची इच्छा. ज्याच्या हाती ते पडते, त्याला ते ओढून, कापून उघडावे लागत नाही. आपल्या शेजारी येऊन राहिलेल्या परक्या माणसाभोवती आपण असेच कापड धरावे. त्याने आत काही ठेवले, तर त्याचा आकार घ्यावा. काही न ठेवता तो नुसताच बसून राहिला, तर त्याच्याबरोबर बसावे, आणि हाती काही काम असेल तर त्यातले अर्धे त्याला द्यावे.